मागची साइट: फिक्स्ड की ॲडजस्टेबल?

प्रश्न : ताई, ह्यूस्टनच्या पश्चिमेला माझं गॅस स्टेशन आहे, त्याला लागून छोटं दुकान. रात्री उशिरा बंद करून निघतो. नागरिकत्व मिळालंय आणि टेक्सासचं लायसन्स टु कॅरी, म्हणजे हत्यार बाळगायचा परवानासुद्धा काढलाय. ओळखीच्या डीलरकडे स्मिथ अँड वेसनची दोन जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत, दोन्ही स्टेनलेस, दोन्ही .३५७ मॅग्नम. एक मॉडेल ६५, नळी ३ इंची, मागची साइट (नेम धरायची खाच) फिक्स्ड. दुसरं मॉडेल ६६, नळी अडीच इंची, मागची साइट ॲडजस्टेबल. डीलर म्हणतो ६६ घ्या, साइट हलवता येते म्हणजे पुढे कसलीच कटकट नाही. रेंजवरचे मित्र म्हणतात, अंगावर बाळगायच्या हत्याराला नाजूक स्क्रू नकोतच. कुणाचं ऐकू? — अ. द., केटी, टेक्सास

उत्तर : दादा, मी तुमच्या जागी असते तर ६५ घेतलं असतं. पण त्याआधी एक गोष्ट पक्की केली असती, ती म्हणजे त्यात रोज कुठलं काडतूस भरायचं. साइटचा निर्णय काडतुसाच्या निर्णयामागून येतो. डीलर आणि तुमचे मित्र दोघेही तो टप्पा गाळून बोलतायत.

फिक्स्ड साइट म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या वरच्या पट्टीत कोरलेली खाच. तिला ना स्क्रू, ना स्प्रिंग. समोरची माशी, म्हणजे पुढची साइट, नळीसोबतच घडवलेली. त्यामुळे नेम कुठे आणि गोळी कुठे, हे कारखान्यातच ठरून येतं. .३८ स्पेशल या जुन्या काडतुसाच्या जमान्यापासून ही जुळणी साधारणपणे १५८ ग्रेनच्या गोळीवर केलेली असते (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). तुम्ही ११० किंवा १२५ ग्रेनची हलकी, वेगवान गोळी भरलीत, तर ती त्याच नेमाला थोडी खाली लागते.

पुष्कळांना हे उलटं वाटतं. जड गोळी खाली यायला हवी ना? पण इतक्या जवळच्या अंतरावर गोळी हवेत किती पडते याला फारसं महत्त्व नाही. बार उडताच मूठ मागे ढकलली जाते आणि नळीचं तोंड वर उठायला लागतं, तेव्हा गोळी अजून नळीतच असते. जड गोळी हळू जाते, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी, पण हलकीपेक्षा जास्त वेळ आत राहते. तेवढ्यात नळी आणखी वर उठलेली असते, म्हणून जड गोळी वर लागते. हलकी लवकर निसटते, म्हणून खाली. ७ यार्डांवर हा फरक सहसा इंच-दीड इंचाचा. पार्किंगमध्ये गाडीच्या दारापाशी काही घडलंच, तर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. २५ यार्डांवर मात्र तो चांगलाच जाणवतो.

ॲडजस्टेबल साइटचा खरा फायदा त्यांना, जे आज एक काडतूस आणि उद्या दुसरं मारतात, किंवा ज्यांना दूरवरच्या छोट्याशा वर्तुळात गोळी बसवायची असते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकाराच्या प्रिसिजन फेरीत दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५ सेंटिमीटरचं असतं. तिथे साइटचा एकेक क्लिक लाखमोलाचा. तुम्हाला मात्र एकच काडतूस वर्षानुवर्षं भरून ठेवायचंय आणि शर्टाखालून एका दमात काढायचंय. तुमच्या गरजा निराळ्या.

६६च्या मागच्या साइटकडे नीट पाहा. चौकटीवर पोलादाची एक लांबट पातळ पट्टी बसवलेली असते, पुढच्या टोकाला एका छोट्या स्क्रूने धरलेली. मागे उभं पातं, त्याच्या वरचे दोन्ही कोपरे धारदार. ह्यूस्टनच्या उकाड्यात तुम्ही सुती शर्ट बाहेर सोडून घालणार, होल्स्टर कमरेला पँटच्या आत. ते कोपरे दिवसभर शर्टाच्या आतल्या बाजूला घासतात. माझ्या वर्गाला येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे अशी साइट असते, त्यांच्या शर्टांना उजव्या कमरेपाशी, बरोबर त्याच जागी, आधी धागे निघालेले दिसतात आणि मग भोकं. शर्ट फाटला तर फाटला. पण काढताना तोच कोपरा कापडात अडकला तर काय होतं, हे मी रेंजवर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सगळ्यांना करून दाखवते. हात वर येतो, शर्टही सोबत वर येतो आणि नळी भलतीकडेच वळते. शिवाय हत्यार हातून फरशीवर पडलं तर ते पातं वाकू शकतं. फिक्स्ड खाचेत वाकण्यासारखं काही नाहीच.

एका बाबतीत मात्र ६६ सरस आहे, आणि ते तुमच्यापासून लपवणं बरं नाही. ६५ची खाचही चंदेरी, माशीही चंदेरी. उन्हात दोन्ही चमकतात, अंधारात दोन्ही गायब. त्यात खाच उथळ. तुम्ही चाळिशीचा चष्मा लावत असाल तर ती आणखी धूसर दिसेल. ६६ला मागे काळं पातं आणि बहुतेकदा माशीत लाल तुकडा बसवलेला असतो, म्हणून नजर पटकन बसते. ६५वर यावर उपाय आहे. माशी स्पिरिटने स्वच्छ पुसून तिच्या मागच्या उतारावर आधी पांढऱ्या रंगाचा हात द्या, तो वाळला की वर भडक केशरी. नखांना लावायचं पॉलिशसुद्धा चालतं. सहा महिन्यांनी उडालं की पुन्हा लावा. खाचेला हात लावू नका.

आता डीलरच्या काउंटरवर काय बघायचं ते सांगते. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करा, मग सुरक्षित दिशेला धरून मागून डोळा लावा. माशी खाचेच्या बरोबर मध्ये उभी दिसली पाहिजे, डाव्या-उजव्या फटी सारख्या. ती एका अंगाला कललेली वाटली, तर नळी बसवताना थोडी जास्त किंवा कमी आवळली गेलीय. असं ६५ सोडून द्या. फिक्स्ड साइट असताना डावी-उजवी चूक दुरुस्त करायची म्हणजे कारागिराकडून नळीच फिरवून घ्यायची, आणि तो खर्च जुन्या रिव्हॉल्व्हरवर करण्यात अर्थ नाही. ६६ पाहत असाल तर स्क्रूच्या खाचा कुणी पेचकसाने खाऊन ठेवल्यात का आणि पातं बोटाने हलतं का, ते बघा.

वर-खालीची चूक असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवून, १५ यार्डांवरून, तुम्ही ठरवलेल्याच काडतुसाच्या पाच-पाच गोळ्या सावकाश मारा. नंतर एखाद्या चांगल्या नेमबाजाकडूनही मारून घ्या. दोघांच्याही गोळ्या ३ इंच खाली लागल्या, तर दोष हत्याराचा. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर ५ इंच धरू (तुम्ही पट्टीने मोजा). १५ यार्ड म्हणजे ५४० इंच. चुकीचे ३ इंच गुणिले ५, भागिले ५४०, उत्तर सुमारे ०.०२८ इंच. म्हणजे माशीची उंची बँकेच्या कार्डाच्या जाडीपेक्षाही थोडी कमी घासायची. माशी घासली की गोळी वर येते. हे काम गनस्मिथकडूनच करून घ्या, आणि आधी अर्धंच. मधे रेंजवर तपासून मग उरलेलं. घासलेलं पोलाद परत येत नाही. गोळ्या वर लागत असतील तर घासून काहीच साधत नाही. मग हलकी गोळी भरून बघा, ती खाली येईल.

काडतुसाचं म्हणाल, तर या दोन्ही मॉडेलांची चौकट के-फ्रेम, मध्यम आकाराची. नळीचा मागचा भाग, जिथे गोळी सिलिंडरमधून शिरते, तो खालच्या बाजूला घासून सपाट केलेला असतो आणि तिथे पोलाद पातळ आहे. १२५ ग्रेनची पूर्ण ताकदीची मॅग्नम काडतुसं सतत मारल्याने नेमक्या त्याच जागी तडे गेल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. सिलिंडर बाजूला काढून टॉर्च मारा आणि ती जागा आधी बघा. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलही चालतं, म्हणून रोजच्यासाठी १५८ ग्रेनचं, शिशाच्या पोकळ टोकाच्या गोळीचं .३८ स्पेशल +पी (जरा जास्त दाबाचं) घ्या. एफबीआय हेच काडतूस वापरायची, म्हणून आजही लोक त्याला एफबीआय लोड म्हणतात. १९८०च्या दशकात त्यांच्या एजंटांकडे ३ इंची मॉडेल १३ असायचं, ते म्हणजे तुमच्या ६५चाच काळा भाऊ, साइट फिक्स्डच. या काडतुसाला धक्का सोसवण्याजोगा, आणि वजन तेच, ज्यावर अशा साइट जुळवलेल्या असतात.

६५ तपासणीत नापास झालं, तर ६६ बिनधास्त घ्या. मग त्याच्या पात्याचे कोपरे गनस्मिथकडून गोल करून घ्या, पट्टीच्या पुढच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा, एकदा नेम जुळला की परत छेडू नका. स्क्रू फिरवताना लक्षात ठेवा, मागची साइट ज्या बाजूला न्याल त्या बाजूला गोळी जाते. माशीचं याच्या उलट.

आणि दादा, रोकड रोज एकाच वेळी, एकाच दाराने घेऊन निघू नका. हे मी साइटपेक्षा जास्त कळकळीने सांगतेय.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर डॅलसला आहे. टेक्सासमध्ये २०२१पासून परवान्याशिवाय बाळगता येतं म्हणतात. मग मी छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं तर चालेल का? — एक वाचक

उत्तर : नाही. टेक्सासची ती सूट राज्याची आहे आणि तुमच्यावरचं बंधन फेडरल कायद्याचं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी शस्त्रकायदा जाणणाऱ्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. रेंजवर भाड्याने घेऊन मारण्याबद्दलही त्यालाच विचारा. मित्र काय करतात ते बघू नका. इथे चूक झाली तर गुन्हा नोंदतो आणि व्हिसाही जातो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

प्रश्न : माझ्याकडे कानपूरचं सरकारी .३२ रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर परवान्यावर. साइट फिक्स्ड. सगळ्या गोळ्या डावीकडे खाली लागतात. माशी घासून घेऊ का? — एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा दादा, घासू नका. तुम्ही उजव्या हाताने मारत असाल तर डावीकडे खाली लागणं ही बहुतेक वेळा चापावरच्या बोटाची करामत असते. चाप जड, तो एकदम ओढला जातो, सोबत सगळी मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड डावीकडे खाली झुकतं. आणि नुसती माशी घासून डावीकडची चूक जात नाही, गोळी फक्त वर येते.

तुम्हाला एक सोय आहे, जी इथे अमेरिकेत नाही. तुमच्याकडे बहुधा पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची, केएफ छापाचीच काडतुसं असणार. दुकानात वीस तऱ्हेच्या गोळ्या नाहीत, त्यामुळे कुठल्या गोळीवर साइट जुळवायची हा घोळच नाही. अशा ठिकाणी फिक्स्ड साइट अगदी योग्य.

परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात, म्हणून सराव कोरडाच करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवा, सिलिंडरची सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) भरा. मग भक्कम भिंतीकडे तोंड करून माशी खाचेत धरा आणि चाप इतका सावकाश ओढा की घोडा पडतानाही माशी हलता कामा नये. रोज दहा मिनिटं, महिनाभर. नंतर रेंजवर टेकूवरून पाच गोळ्या मारा आणि दुसऱ्या कुणा परवानाधारक नेमबाजाला, रेंजच्या नियमांत बसत असेल तर, त्याच हत्याराने पाच मारायला सांगा. त्याच्याही डावीकडे खालीच लागल्या, तरच परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे जा, आणि हत्यार देताना त्याची पावती घ्या.