मागे टर्बो बसवतोयस? आधी उष्णतेचं बघ

मित्रा, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) इंजिनाजवळ न बसवता गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा असेल, तर इंजिनपासून टर्बोपर्यंतच्या पाइपमध्ये उष्णता जपायची आणि बाकी सगळीकडे तिला अडवायचं, एवढं धरून चाल. टर्बोमधलं चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरते ती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर. लांब पाइपमधून जाताना वायू थंड होतो, आकसतो, वेग मंदावतो आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उशिरा येतो. म्हणून त्या पाइपला सिरॅमिक कोटिंग किंवा एक्झॉस्ट रॅप (पाइपवर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी) हवाच. टर्बाइन हाउसिंगही (टर्बाइनभोवतीचं कवच) थोडं लहान निवड.

रॅप मात्र पाणी धरून ठेवतो. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून त्र्यंबकेश्वरकडे जाणंयेणं असेल तर, साधं लोखंड रॅपखाली गंजतं आणि बाहेरून कळतही नाही. पाइप स्टेनलेसचाच घे, ३०४ ग्रेडचा. नाशिकच्या अंबड-सातपूरला चांगलं टिग वेल्डिंग करणारे मिळतात, तिथे पैसे वाचवू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मागे पेट्रोलची टाकी, ब्रेक लाइन आणि वायरिंग असतं. टर्बो आणि टाकीच्या मध्ये पत्र्याची हीट शील्ड हवी, पण ती टाकीला चिकटवून नको. मधली हवेची फटच खरं काम करते. रबरी ऑइल लाइनला उष्णतारोधक स्लीव्ह घाल. टर्बो खाली असल्याने तेल आपोआप परत येत नाही, त्याला स्कॅव्हेंज पंप (तेल ओढून इंजिनाकडे परत पाठवणारा पंप) लागतो. कसारा घाट जोरात चढून आलास की लगेच गाडी बंद करू नकोस, दोन-तीन मिनिटं आयडलवर (उभी, इंजिन हळू चालू) ठेव, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपतं.

आणि आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी विचार.