फिनलंडमधली लाकडाची घरं एवढ्या थंडीत कुजत कशी नाहीत?

तुम्ही विचारलंय की फिनलंडमध्ये घरं लाकडाची असतात असं वाचलं, मग उणे पंचवीस अंशांत लाकडाच्या भिंतीआड माणसं राहतात कशी आणि ते लाकूड कुजत कसं नाही. मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला येतेय म्हणून ही चौकशी, असंही लिहिलंय. मी आता एस्पोत राहते, त्याआधी तांपेरेत एका जुन्या लाकडी घरात आम्ही भाड्यानं राहत होतो. त्यामुळे दोन्ही तऱ्हा जवळून पाहिल्यात.

मुलीची काळजी आधी मिटवते. तिला घरात थंडी वाजणार नाही. बाहेर काहीही असो, आत एकवीस अंशांच्या आसपास असतं आणि माणसं अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये वावरतात. पुण्यात जानेवारीच्या सकाळी फरशीवर पाय ठेवताना जे होतं, ते इथे होत नाही. शिवाय ती लाकडी घरात राहण्याची शक्यता कमीच. देशातली निम्म्याच्या आसपास घरं इमारतींमधले फ्लॅट आहेत, आणि त्या इमारती बहुतेक काँक्रीटच्या.

आता लाकडाचं. थंडीनं लाकूड कुजत नाही, ओलीनं कुजतं. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठलेलं असतं, हवा ठणठणीत कोरडी असते, बुरशीला काही करताच येत नाही. इथल्या घराचा खरा वैरी पाणी. शरद ऋतूतली झिमझिम, वसंतात वितळणारा बर्फ, न्हाणीघरातला ओलावा, स्वयंपाकाची वाफ, माणसांचा श्वाससुद्धा. कोकणातल्या पावसापुढे इथला पाऊस म्हणजे काहीच नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन नसतं आणि भिजलेलं वाळायचं नाव घेत नाही. त्यामुळे फिनिश माणसाशी घराबद्दल बोलायला लागलात, की थंडीचा विषय दोन मिनिटांत संपतो आणि ओलीचा तासभर चालतो.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पाइनचे ओंडके आडवे रचायचे, कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे, मधल्या फटींत शेवाळ ठासायचं. जोतं दगडांचं, म्हणजे सर्वांत खालचा ओंडका जमिनीला टेकत नाही. वर रंग द्यायचा तो लाल. फिनलंडच्या फोटोत दिसणारी ती पांढऱ्या चौकटींची लालबुंद घरं तुम्ही पाहिली असतील. तो रंग चुलीवर शिजवतात: पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ, हिराकस आणि गेरूच्या जातीची लाल माती. त्याचा लाकडावर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे लाकडात शिरलेलं पाणी सुटं होऊन बाहेर पडू शकतं. काही वर्षांनी रंग भुकटी होऊन झडायला लागला, की ब्रशनं झाडायचा आणि वरून नवा हात मारायचा. खरवडायची कटकट नाही. पश्चिम किनाऱ्यावर राउमा नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या भागात साधारण ६०० लाकडी इमारती आहेत, १९९१ मध्ये तो भाग युनेस्कोच्या यादीत गेला. तिथे आजही लोक राहतात, दुकानं चालतात. लाकडी गावांचा घात केला तो आगीनं. १८२७ च्या आगीत तुर्कू शहराचा बहुतेक भाग जळून गेला, आणि त्यानंतर शहरांचे आराखडे करताना रस्ते रुंद ठेवून घरांच्या मधे झाडं लावायची पद्धत पडली.

पण मला विचाराल तर फिनलंडचं खरं घर ना ओंडक्यांचं, ना मासिकांत येणारं काचेचं. ते युद्धानंतरचं. १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी चाललेली लढाई थांबली तेव्हा पूर्व सीमेवरच्या कारेलिया प्रांताचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला आणि तिथल्या ४ लाखांहून जास्त माणसांना घरदार सोडून यावं लागलं. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आतच. शिवाय आघाडीवरून परतलेले सैनिक, त्यांची नवी लग्नं, मुलं. १९४५ मध्ये सरकारनं जमीन मिळवण्याचा कायदा केला, लोकांना तुकडे दिले आणि म्हणालं, बांधा. वास्तुविशारदांच्या संघटनेनं पुनर्बांधणीसाठी कचेरी आधीच, १९४२ मध्ये, उघडली होती. तिथे आणि इतरत्रही अशा घरांचे ठरावीक नकाशे तयार झाले. मिस्त्री नसला तरी चार नातेवाईक नि शेजारी मिळून बांधू शकतील असे. या घरांना ‘रिंतामामिएस्तालो’ म्हणतात, म्हणजे आघाडीवरच्या सैनिकाचं घर. देशात कुठेही जा, ही दिसतातच: जवळजवळ चौकोनी, दीड मजली, उभ्या उताराचं छप्पर, आणि छपराच्या मधोमध चिमणी.

तांपेरेतलं आमचं घर हेच. मधोमध विटांची चिमणी, तिच्याभोवती स्वयंपाकघर आणि खोल्या, सगळ्या चुली नि शेगड्या त्या एकाच चिमणीला जोडलेल्या. वर तिरक्या छपराखाली दोन खोल्या. पुष्कळ घरांत वरचा मजला आधी नुसताच सोडायचे, पैसे आले आणि मुलं झाली की पुरा करायचे. उताराच्या कडेला डोकं खाली घालून शिरायची बोळकांडी, तिथे आमच्या सुटकेसा. जिना इतका उभा, की माझी आई आली तेव्हा तिनं वर जायला साफ नकार दिला. बाहेरच्या भिंतीला कायमची लोखंडी शिडी, थेट छपरापर्यंत. चोरांची सोय वाटते, पण ती चिमणी साफ करणाऱ्यासाठी. राहत्या घराची चिमणी इथे वर्षातून एकदा साफ करून घ्यावीच लागते.

भिंतीत काय असतं ते घरमालक आजोबांनी दाखवलं. खिडकीखालून गार लागतं अशी तक्रार मी केली होती. त्यांनी तिथली फळी अलगद उचकटली. आत भुसा. लाकडाच्या गिरणीतला साधा भुसा आणि रंध्याच्या साली, दोन्हीकडे फळ्या आणि जाड कागद. तो वर्षानुवर्षं खाली बसत गेला होता आणि वर वीतभर पोकळी पडली होती. आजोबांनी बादलीतून नवा भुसा ओतला, दांडक्यानं ठासला, फळी परत ठोकली, कॉफी प्यायले आणि गेले. जुना भुसा मी हातात घेऊन पाहिला. कोरडा खडखडीत, लाकडाच्या वखारीसारखा वास. युद्धानंतरच्या टंचाईत फुकटाच्या भावात मिळणारी वस्तू, पण ती घरातली वाफ थोडी शोषून घेते आणि नंतर सोडून देते, म्हणून भिंत वाळत राहते. जोत्याला चारी बाजूंनी छोटी भोकं, त्यांना पत्र्याची झाकणं. थंडी आली की आजोबा ती लावायचे, वसंतात काढायचे. जमिनीखालच्या पोकळीत वारा खेळता राहिला पाहिजे यावर त्यांचा फार कटाक्ष.

गंमत अशी की या गरिबीतल्या घरांनी काळ काढला आणि पुढच्या सुबत्तेतल्या घरांनी त्रास दिला. साठ-सत्तरच्या दशकांत सपाट छपरांची फॅशन आली. बर्फाच्या देशात सपाट छप्पर! पाणी साचायचं, गळायचं. जोतं जमिनीलगत बुटकं दिसावं म्हणून भिंतीचं लाकूड बाहेरच्या काँक्रीटच्या मागे, जमिनीच्या जवळपास उतरवलं, तिथे ओल धरली आणि बुरशी आली. भुशाऐवजी खनिज लोकर आली, म्हणजे दगड किंवा काच वितळवून काढलेले लोकरीसारखे धागे. ती ऊब उत्तम धरते, पण भिजली की ओल्या गोधडीसारखी, असून नसून सारखीच. लोकांनी जुन्या घरांच्या तळघरांत बटाटे ठेवायच्या जागी शॉवर नि सौना (घाम काढायची कडक गरम खोली) बसवले, भिंतींना आतून फळ्या मारल्या, आणि त्या फळ्यांमागे बुरशीचं राज्य झालं.

म्हणून आज इथे घर विकत घेताना माणसं हॉलच्या प्रकाशापेक्षा जोत्याकडे आधी पाहतात. तज्ज्ञ बोलावून तपासणी करून घेतात, ओल मोजतात. बुरशीचा वास हुंगायला शिकवलेली कुत्रीसुद्धा आणतात, थट्टा नाही. जमिनीसह घर घेतलं आणि आत दडलेला दोष नंतर सापडला, तर पाच वर्षांपर्यंत विकणाऱ्याकडे दाद मागता येते. अशी प्रकरणं कोर्टात जातात आणि दोन्ही घरांची झोप उडते.

हल्लीच्या भिंतीत गणित नीट बसवलंय. हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा बाहेरच्या बाजूला झिरपायला बघते आणि वाटेत थंड जागी तिचं पाणी होतं. म्हणून आतल्या अंगाला वाफ अडवणारा पडदा, मधे जाड लोकर, आणि बाहेरच्या फळ्यांच्या मागे मोकळी हवा खेळायला फट. खिडक्यांना तीन काचा. मुख्य दरवाज्याआत छोटीशी मोरीएवढी खोली आणि मग दुसरा दरवाजा, म्हणजे बाहेरचा गारठा थेट घरात येत नाही. चपला, कोट, टोप्या सगळं तिथेच. बूट घालून आत कुणी येत नाही, तुमच्या मुलीला ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

ओळखीचं वाटेल असं आणखी एक: संडासात कमोडशेजारी हातात धरायचा छोटा शॉवर असतो. युरोपात बाकी ठिकाणी यासाठी तळमळलेले आपले लोक इथे आल्यावर सुटकेचा निःश्वास सोडतात. स्वयंपाकघरात सिंकच्या वर दारं असलेलं कपाट असतं, त्याला तळच नाही, नुसत्या तारांच्या जाळ्या. धुतलेली भांडी तशीच आत लावायची, पाणी सिंकमध्ये ठिबकतं, दार लावलं की पसारा दिसत नाही. १९४० च्या दशकात माइयू गेभार्ड या बाईंनी हे कपाट रूढ केलं. माझ्या मते फिनलंडनं जगाला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, नोकियाचा मोबाइल धरून.

फिनलंडचा वास्तुविशारद आल्व्हार आल्टो याचं नाव लोक घेतातच, म्हणून दोन ओळी. त्यानं आणि त्याची बायको आइनो आल्टोनं हेलसिंकीच्या मुंक्किनिएमी भागात १९३६ मध्ये स्वतःसाठी बांधलेलं घर पाहता येतं. बाहेरून पांढरी वीट आणि गडद लाकडी पट्ट्या, आतून अगदी राहतं, बेताचं. नूरमार्क्कूमधली त्यांचीच व्हिला माइरेआ जास्त गाजलेली आहे, पण ती पडली श्रीमंतांची. मला मुंक्किनिएमीचं घर आवडतं.

फ्लॅटचा मामला वेगळा. इथे तुम्ही फ्लॅट घेत नाही, इमारतीच्या कंपनीचे शेअर घेता, आणि त्या शेअरांवर ठरावीक फ्लॅट वापरायचा हक्क मिळतो. दरमहा देखभालीचे पैसे, व्यवस्थापक, वार्षिक सभा आणि सभेत पार्किंगवरून भांडणं. आपल्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला काही परकं वाटत नाही. शहरांत ऊब बहुधा बाहेरून येते, मोठ्या केंद्रात तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतीपर्यंत पोचतं. तळमजल्यावर किंवा तळघरात सामायिक सौना, आठवड्यातला एक तास तुमच्या नावावर. मोठ्या इमारतीला हवाई हल्ल्यापासून निवारा बांधावाच लागतो, एरवी त्याच्या जाड लोखंडी दारामागे सायकली आणि जुनी सोफासेटं. वेळ आली तर ७२ तासांत रिकामा करून द्यायचा असा नियम आहे. अंगणात गालिचे झोडपायची लोखंडी चौकट. सकाळी सकाळी धपाधप आवाज आला तर घाबरू नये.

आणि सौना संपला की शेगडी थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, म्हणजे खोली कोरडी होते. आंघोळ झाली की वायपरनं फरशीवरचं पाणी ओढून घ्यायचं. वायपर नाही असं न्हाणीघर मी इथे पाहिलेलं नाही. छताजवळची गोल झरोक्यासारखी झडप कधीही बंद करायची नाही. थंड येतं म्हणून आपल्यातले काहीजण त्यात बोळे कोंबतात आणि महिन्याभरात खिडकीच्या काचांवर पाणी धरतं. उलट हिवाळ्यात आतली हवा इतकी कोरडी असते, की कपडे रात्रीत वाळतात आणि टाचांना भेगा पडतात. व्हॅसलिन इथेही मिळतं, ओझं नको.

लाकूड मात्र परत आलंय, तेही उंच होऊन. यिवास्क्युलात पूकुओक्का नावाच्या वसाहतीत २०१५ मध्ये आठ मजली लाकडी इमारत उभी राहिली. योएन्सूत विद्यार्थ्यांसाठी चौदा मजली लाकडी इमारत आहे, २०१९ ची. पूकुओक्कात लाकडी खोल्या कारखान्यात जवळजवळ पुऱ्या करून आणल्या आणि जागेवर एकावर एक चढवल्या. यात वेळ वाचतो, आणि बांधताना लाकूड पावसात भिजत पडत नाही.

मुलीसाठी कामाचं एवढंच. भाड्यात घर तापवण्याचा खर्च बहुधा धरलेला असतो, पाणी आणि वीज वेगळी असू शकते, ते करार करण्याआधी विचारायला सांगा. आणि इमारत १९७० च्या आसपासची असेल, तर इमारतीतले पाण्याचे पाइप बदलण्याचं मोठं काम कधी निघणार आहे हे जरूर विचारा. इमारत पन्नाशीला आली की ते काढावंच लागतं, सगळी न्हाणीघरं फोडतात, आणि रहिवाशांना बहुधा काही महिने दुसरीकडे राहायला जावं लागतं. ते नेमकं परीक्षेच्या दिवसांत आलं, तर पोरीची धावपळ होईल.