मोबाइलवरच्या मारधाडीच्या गेममुळे गावातली मुले हिंसक होतात का?

केवळ गेममुळे मूल प्रत्यक्षात हिंसक होते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले; ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी मात्र लहानसा संबंध तिने मान्य केला आहे. आपल्याकडे पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये आलेली बंदीही माहितीच्या सुरक्षेसाठी होती, हिंसेसाठी नव्हे, हे पारावरच्या चर्चेत हमखास विसरले जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील वावरात आणि एका मोबाइलभोवती चार पोरे ‘मार, मार’ ओरडत बसलेली, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. अर्थात, हे निष्कर्ष सरासरीचे आहेत. मोबाइल काढून घेताच हात उगारणाऱ्या मुलाकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावेच लागेल.