पांडुरंगाकडे मागितलेली दाद

सोलापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की त्यांच्या आजोबांवर कापडगिरणीत चोरीचा खोटा आळ आला, नोकरी गेली, आणि त्यानंतर त्यांनी वहीत एवढेच लिहून ठेवले : ‘मी पांडुरंगाकडे दाद मागितली आहे.’ आता आजोबांच्या आठवणींची पुस्तिका छापताना घरच्यांना वाटते, की ‘दाद’ हा फारसी आणि कचेरीतला शब्द देवाजवळ शोभत नाही. तेव्हा तेथे ‘प्रार्थना केली’ किंवा ‘न्याय मागितला’ असे घालावे काय?

घालू नये. गायकाला मिळणारी दाद आणि औषधाला दाद न देणारा ताप सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. मला चीड येते ती अलीकडे वारंवार कानी पडणाऱ्या ‘त्याचे वाटोळे व्हावे म्हणून मी देवाकडे दाद मागितली’ अशा वाक्याची. हा शाप झाला, दाद नव्हे. नवसात बोली असते, शापात दुसऱ्याचा नाश असतो, आणि दाद मागणाऱ्याने निकाल आपल्या हाती ठेवलेलाच नसतो. दाद आपण मागतो, पुढे ती लागते किंवा लागत नाही. ‘प्रार्थना’ अपराधी माणूसही करतो. दाद मागणारा ‘माझ्याकडे दोष नाही’ एवढे ठामपणे सांगून मगच हात जोडतो.

आता व्युत्पत्ती. ‘दाद म्हणजे दिलेले, फारसी दादन म्हणजे देणे यावरून’ असे काही अभ्यासक व्याख्यानांतून सांगतात. ते चूक आहे, आणि केवळ उच्चारसाम्यावर विसंबल्यामुळे झालेली चूक आहे. संस्कृतात ‘दा’ म्हणजे देणे आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, स्थापणे, हे दोन धातू वेगळे राहिले. इराणी भाषांत महाप्राण, म्हणजे ‘ध’मधील हकार, लोपल्यामुळे दोन्हींचा उच्चार ‘दा’ असाच झाला. न्याय या अर्थाची दाद दुसऱ्या धातूची आहे. तिचे जुने रूप ‘दात’, म्हणजे स्थापलेला नियम, कायदा, इ. स. पू. ५२०च्या सुमारास इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने तेथील बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेल्या लेखात ते आढळते. संस्कृतात याच धातूपासून विधी, विहित आणि विधाता हे शब्द झाले. म्हणजे ज्या शब्दाला परका म्हणून देवघराबाहेर काढायचे चालले आहे, तो ‘विधाता’ या शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे! शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते राज्यकारभारासाठी. त्याचा दाखला देऊन गांजलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द पुसणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझे मुळीच जमत नाही.

हाच ‘दात’ बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायाच्या अरामी मजकुरात येतो, आणि ते स्थळ मला फार प्रिय आहे. दरबाऱ्यांना दानीएल या यहुदी अधिकाऱ्याच्या कारभारात दोष सापडत नाही, तेव्हा ते त्याच्या देवाच्या ‘दाता’त, म्हणजे नियमशास्त्रात, निमित्त शोधतात आणि मेदी व पारसी लोकांच्या न बदलणाऱ्या ‘दाता’चा, म्हणजे कायद्याचा, आधार घेऊन त्याला सिंहांच्या गुहेत टाकवितात. शब्द एकच, राजाचाही आणि देवाचाही. सकाळी तो सुखरूप बाहेर येतो आणि आपण देवासमोर निर्दोष ठरलो असे सांगतो. दानीएल या नावाचा अर्थच मुळी ‘देव माझा न्यायाधीश’ असा आहे. निरपराध माणसाने राजाच्या दादेवरून देवाच्या दादेकडे जाणे त्या शब्दात इतके जुने आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी सोडणार नाही.

इतक्या दूर जायचे नसेल तर आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या चोखोबांकडे पाहावे. विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला, असे विचारून बडव्यांनी मारले, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांचे वाईट चिंतले नाही. ‘धांव घालीं विठू आतां, चालूं नको मंद’ असे म्हटले. विठूला ‘चालू नको मंद’ असे सुनावण्यात हक्काची घाई आहे आणि तो येणारच ही खात्रीही आहे. ‘दाद’ हा शब्द तेथे नाही, पण दाद मागणे म्हणजे काय ते तेथे पुरतेपणी आहे.

‘न्याय मागितला’ हे चुकीचे नाही, पण आजोबांचे नाही. त्यांचे वाक्य जसेच्या तसे छापावे, आणि त्यातील ‘आहे’ मुद्रितशोधनात गळणार नाही याची काळजी घ्यावी. ‘दाद मागितली’ म्हटले तर गोष्ट संपलेली वाटते, ‘मागितली आहे’ म्हटले की अर्ज दाखल असून निकाल यायचा आहे.