हेडफोन घ्या, पण ईएमआयवर नको

प्रश्न : मी घणसोलीत राहते, नोकरी ठाण्यात. पहाटे चालताना हेडफोनमुळे मागून आलेली बाइक ऐकूच आली नाही, थोडक्यात वाचले. आता कान मोकळे ठेवणारा बोन कंडक्शन हेडफोन घ्यायचाय. किंमत 15,000, सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. कार्डावर 24,000 थकलेत, दरमहा 2,000 भरते. घेऊ का? (स्टेटमेंट सोबत जोडलंय.)

उत्तर : ताई, तुमचं कारण अगदी रास्त आहे, ही उधळपट्टी मुळीच नाही. पण स्टेटमेंट पाहून काळजी वाटली. व्याज महिना 3.5 टक्के, म्हणजे 840 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 990. तुमच्या 2,000 मधलं जेमतेम निम्मं मुद्दलात जातं. या गतीनं कार्ड फिटायला सतरा महिने लागतील, तेही त्यावर नवं काही घेतलं नाही तर. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. साधा रिचार्ज केलात तरी त्या दिवसापासून व्याज चालू!

नो-कॉस्टमध्येही बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. ती रक्कम फार नाही. खरा प्रश्न 2,500 च्या हप्त्याचा आहे. तो तुम्हाला झेपणार असेल, तर तेच पैसे कार्डात टाका. दरमहा 4,500 भरलेत तर त्याच सहा महिन्यांत जेमतेम साडेसहाशे रुपयांचं देणं उरेल.

आता वस्तूबद्दल. बोन कंडक्शनमध्ये आवाज गालाच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत जातो, कानाचं भोक उघडंच राहतं. चालायला हे उत्तम. ठाण्याला जाताना ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये मात्र खडखडाटही तसाच आत येतो, मग माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. तेव्हा गाडीतही हाच वापरायचा बेत असेल तर तो सोडा, तिथे जुनाच ठीक आहे.

फक्त चालण्यासाठी 15,000 मला जास्त वाटतात. कानाबाहेर बसणारे साधे ओपन-इअर दोन-अडीच हजारांत मिळतात. पहाटेचा धोका सहा महिने थांबणार नाही, म्हणून तसा एक या पगारातून घ्या, पैसे यूपीआयनं द्या, कार्डाला हात लावू नका. चष्मा असेल तर दुकानात तो लावूनच घालून बघा, काहींची कानावरची पकड काडीला अडते. आणि तो हातात येईपर्यंत चालताना एकच कान वापरा, रस्त्याच्या बाजूचा मोकळा ठेवा.