फिकी पट्टी

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा चिडचिड झाली. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त.

पहिल्या गटात त्या जनुकाचा स्किझोफ्रेनियाशी संबंध दिसला, दुसऱ्या गटात दिसेना. गाइड म्हणतात, दुसरा गट ‘वेगळाच’ आहे, तो बाजूला ठेव आणि पहिल्यावर पेपर लिही. लिहू का, असं तू मला विचारतेस. अगं, उत्तर तुला माहीत आहे, म्हणून तर चार पानं खरडलीस.

पुन्हा कर. नव्या माणसांवर, नमुन्यांच्या खणांच्या नव्या प्लेटवर.

आधी एक सांग: रुग्णांचे आणि कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांचे, नमुने एकाच प्लेटवर मिसळून लावले होतेस, की वेगवेगळ्या? प्रश्न बाळबोध वाटेल, पण मी नेमका तिथेच आपटलोय. 1996 मध्ये सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचं आखूड रूप चिंतातुर स्वभावाशी जोडलं गेलं आणि जो तो त्यामागे लागला. मीही. मी नैराश्याचे रुग्ण घेतले. त्यांचं रक्त फ्रीझरमध्ये जुनं झालेलं, कंट्रोलचं ताजं. लांब आणि आखूड रूपात फरक जेमतेम 44 बेसचा, म्हणजे डीएनएच्या 44 अक्षरांचा. त्यातून लांब रूपात जी आणि सी ही अक्षरं ठासून भरलेली, डीएनए तुटका असला की पीसीआरमध्ये, म्हणजे प्रती काढताना, ते नीट वाढतच नाही. जेलवर प्रत्येक नमुन्याची एक लेन, तिच्यात आखूड रूपाची पट्टी खाली, लांब रूपाची वर. रुग्णांच्या कितीतरी लेनमध्ये खालची पट्टी ठसठशीत आणि वरची जेमतेम धुरकट. अतिनील दिव्याखाली वाकून बघत मी म्हणालो, ‘नाहीच धरू.’ दोन्ही रूपं असलेली माणसं अशी ‘फक्त आखूड’ झाली, आणि रुग्णांत आखूड रूप जास्त, हा माझा शोध लागला!

पेपर छापून आला. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्यानं ताज्या रक्तावर तेच केलं आणि फरक गायब. तो निकाल मी ड्रॉवरमध्ये टाकला. तेव्हा सगळेच तसं करायचे, नकारार्थी निकाल कोण छापणार होतं? हे खरंच आहे. पण मी कुणाला विचारलंही नाही, हेही तितकंच खरं. 2019 मध्ये नैराश्याची 18 गाजलेली जनुकं प्रचंड मोठ्या नमुन्यांवर तपासली गेली, हे जनुक त्यांत होतंच. एकही टिकलं नाही. मधल्या काळात माझ्या त्या पेपरवर विसंबून कुणाकुणाच्या पीएचड्या उभ्या राहिल्या असतील, याचा हिशेब मी करत नाही.

आता तू म्हणशील, पेपर लांबला तर पीएचडीनंतरच्या पोस्टडॉकचं काय? मला काय सांगतेस! तेव्हापासून दुसऱ्या नमुन्यावर टिकल्याशिवाय काही पाठवायचं नाही असं ठरवलं, आणि माझी पेपरांची यादी सहकाऱ्यांच्या निम्मीही नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. (आळशीही म्हणतात, ते मात्र झोंबतं.)

1987 चं अमेरिकेतल्या आमिश पंथाच्या कुटुंबांचं प्रकरण वाचलंयस ना? बायपोलर विकाराचा (कधी उन्माद, कधी नैराश्य) दुवा अकराव्या गुणसूत्रावर सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. पुढे त्याच कुटुंबांतल्या दोघांचं निदान बदललं, आणखी नातेवाईक तपासले गेले आणि पुरावा ढासळला. 1989 मध्ये तसं छापणाऱ्यांत मूळ पेपरच्या पहिल्या लेखिकाही होत्या. त्या दोन वर्षांत त्यांना झोप कशी लागली असेल, हे मला त्यांना विचारायला आवडलं असतं.

आणि तुझे 210 रुग्ण! 2014 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या 36,989 रुग्णांचा डीएनए तपासला तेव्हा जीनोममधली 108 ठिकाणं हाती लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एकेकटा परिणाम चिमूटभर. तुझ्या पहिल्या गटातला परिणाम एवढा दांडगा आहे, हीच मला शंकेची जागा वाटते. लहान लॅबला करण्यासारखं पुष्कळ आहे: दुर्मिळ बदल, पेशींमधली यंत्रणा, एकेका कुटुंबाची बारकाईनं नोंद. फक्त पुन्हा कर, आणि दोन्ही निकाल एकाच पेपरात लिही. गाइड रागावतील. रागावू देत, माझं नाव सांग.

सोमवारपर्यंत दोन्ही प्लेटचे नकाशे पाठव, कोणत्या खणात कोण होतं ते. सारांश नको, मूळ वहीची पानं हवीत. माझ्या त्या जेलचा फोटो अजून आहे. आलीस की दाखवतो. मी काही बोलणार नाही, वरची पट्टी दिसते का ते तूच सांग.

— सर