सासूबाईंची मालवणी बंद करू का?

प्रश्न : मुलगा २२ महिन्यांचा आहे. आई, पाणी, भूभू, गेला, एवढे चारच शब्द बोलतो. आम्ही मराठी बोलतो, सासूबाई मालवणी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी. टीव्ही दिवसभर चालू असतो, पण तो फारसा बघत नाही. शेजारी म्हणतात, भाषांच्या गोंधळानं अडलंय. सासूबाईंना मालवणी बंद करायला सांगू का?
— एक आई, लालबाग

उत्तर : नका सांगू, ताई. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल बोलायचं थांबत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा; 'आला' आणि मालवणीतला 'इलो' हे दोन शब्द झाले.

तरीही चार शब्द कमीच. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'पाणी दे' अशी जोडणी अपेक्षित असते. त्यामुळे आधी कान तपासून घ्या. हाक मारली की वळतो, एवढ्यावर विसंबू नका. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, बोलणं आणि ऐकणं हाच तिचा विषय. 'बापही उशिराच बोलला होता' म्हणून थांबणारी घरं मी फार पाहिली. तुम्ही थांबू नका.

आता टीव्ही. तुमच्या पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तो बघत नसला तरी ऐकतोय, आणि एका खोलीच्या घरात त्या आवाजात तुमचे शब्द बुडतात. मोठी माणसंही कमी बोलतात. २००३ साली अमेरिकेत बाळांच्या भाषेवर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावरून ऐकलेली काहीच शिकली नाहीत.

म्हणून टीव्ही बंद, आणि सासूबाईंना गॅलरीत बसवा. तोंडावर पदर घेऊन 'माझो झील खंय गेलो?' (माझा मुलगा कुठे गेला?) विचारू दे. विचारून झालं की गप्प राहायचं, मनात पाच आकडे मोजायचे. आपण घाईनं उत्तरही आपणच देतो, त्याची पाळी येतच नाही. तो नुसता 'आं' म्हणाला तरी ते उत्तर धरून पुढचं बोलायचं. मावशींनी भाजी निवडताना हिंदीतच बोलावं, पण त्याची नजर ज्या वस्तूवर आहे तिच्याबद्दल.

कानांचा रिपोर्ट आला की कळवा.